थॉमानरकोर: गायक सतत बदलत असताना आठशे वर्षांची परंपरा टिकते कशी?

प्रश्न – मंद्रसप्तक

अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख याचे चर्चसंगीत ऐकताना लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधील मुलांच्या गायकवृंदाचे, म्हणजे थॉमानरकोरचे, नाव सतत समोर येते. १२१२ साली सुरू झालेला हा वृंद आजही दर आठवड्याला त्याच चर्चमध्ये गातो, हे वाचल्यापासून एक प्रश्न मनातून जात नाही. वाद्यवृंदातील वादक तीस-चाळीस वर्षे एकाच वृंदात राहू शकतो आणि आपल्या वादनाची रीत शेजारी बसणाऱ्या तरुणाच्या हाती सोपवू शकतो. मुलाचा उंच आवाज मात्र जेमतेम चार-पाच वर्षे हाती असतो. तो तयार होतो न होतो तोच फुटतो. ज्या वृंदातील एकही गायक दहा वर्षांनंतर तेथे नसतो, त्या वृंदाची परंपरा नेमकी कोठे वस्ती करते? कँटरकडे (म्हणजे वृंदाच्या संगीतप्रमुखाकडे), शाळेकडे, की हस्तलिखितांत?

यालाच जोडून दोन उपप्रश्न आहेत. मुलांच्या वृंदात टेनर आणि बास हे खालचे आवाज कोण गाते? आणि आज ध्वनिमुद्रणात आपण जो नाद ऐकतो, त्याचा बाखच्या हाताखाली गाणाऱ्या मुलांच्या नादाशी काही संबंध उरला आहे असे मानता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – जुनी पाने

माझ्या मते ही परंपरा मुळात निवाऱ्याची आणि कामाची आहे. संगीत त्या व्यवस्थेच्या आधाराने उभे राहिले आणि तिच्याच जोरावर टिकले. माइसेन प्रांताचा मार्कग्राफ (सरहद्दीचा सरदार) डीट्रिश याने १२१२ मध्ये लाइपझिगमध्ये ऑगस्टीन पंथाचा मठ स्थापन केला. मठातील उपासनेसाठी गाणारी मुले हवी होती आणि त्यासाठी शाळा हवी होती. गरीब घरच्या मुलांना तेथे अन्न, निवारा आणि शिक्षण मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात ती गात असत. १५३९ मध्ये लाइपझिगने ल्यूथरचा मार्ग स्वीकारला, मठ बंद झाला, आणि त्याबरोबर वृंदही नाहीसा झाला असता तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण पुढील काही वर्षांत नगरपरिषदेने शाळा आपल्याकडे घेतली. कँटर हा नगराचा नोकर झाला, मुले नगराच्या चर्चांमधून गाऊ लागली, आणि वृंद आजही लाइपझिग नगराचाच आहे. मठ, राजे, संस्थाने आणि राजवटी गेल्या तरी मुलांच्या गाण्याची जबाबदारी नगरावर राहिली, ही गोष्ट मला कोणत्याही एका कँटरच्या प्रतिभेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

या कामाचे स्वरूप किती रोखठोक होते, हे बाखच्याच लेखनातून कळते. ऑक्टोबर १७३० मध्ये त्याने आपला जुना मित्र गेओर्ग एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात आपले उत्पन्न सुमारे ७०० टालर (तेव्हाची चांदीची नाणी) असल्याचे म्हटले आहे. त्याचा मोठा भाग अंत्यविधी, विवाह अशा प्रसंगांच्या गायनातून येत असे, आणि शहरात हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होऊन उत्पन्न घटते, असेही त्याने त्यात नोंदवले आहे. अंत्ययात्रेत मुले गात चालत, नववर्षाच्या सुमारास घरोघर जाऊन गात, आणि जमलेल्या पैशांत त्यांचाही वाटा असे. ज्या वृंदाला आपण आज केवळ कलेच्या दृष्टीने पाहतो, त्याचे पोट शतकानुशतके असे भरत आले.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला बाखने नगरपरिषदेला एक निवेदन दिले. सुव्यवस्थित चर्चसंगीतासाठी किती आणि कोणत्या दर्जाची माणसे लागतात, याचा तो आराखडा आहे. शाळेतील मुलांना त्या वेळी चार चर्चांमध्ये विभागून पाठवावे लागे: सेंट थॉमस, सेंट निकोलस, नवे चर्च आणि सेंट पीटर. प्रत्येक वृंदात किमान बारा आणि शक्य तर सोळा गायक असावेत, अशी बाखची अपेक्षा होती. निवेदनाच्या शेवटी त्याने मुलांची वर्गवारी केली आहे: १७ उपयोगाची, २० अजून तयार व्हायची, आणि १७ निरुपयोगी. आपल्याच विद्यार्थ्यांबद्दल इतक्या उघडपणे लिहिणारा हा माणूस त्या काळात किती त्रासलेला असेल, याची कल्पना करता येते. तरीही मॅथ्यू पॅशन ही येशूच्या यातनांवरील बाखची भव्य गायनरचना याच मुलांकडून, नगराच्या वादकांच्या आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मदतीने, उभी राहिली होती, हे विसरता कामा नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चार चर्चांमध्ये एकाच वेळी गायन असेल तर कँटर एका वेळी एकाच ठिकाणी असणार. उरलेल्या वृंदांचे संचालन मोठी मुले करत. त्यांना प्रीफेक्ट म्हणत. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा दहा-बारा वर्षांच्या मुलांना तालीम देई, सूर धरून देई, आणि उपासनेत त्यांचे नेतृत्व करी. ही नेमणूक इतकी महत्त्वाची होती, की १७३६ पासून बाख आणि शाळेचे मुख्याध्यापक योहान आउगुस्ट एर्नेस्टी यांच्यात प्रीफेक्ट नेमण्याचा अधिकार कोणाचा, यावरून दीर्घ आणि कडवट वाद झाला. बाखने तो थेट ड्रेस्डेनच्या राजदरबारापर्यंत नेला. पुष्कळ चरित्रकार या वादाकडे बाखच्या हेकट स्वभावाचा नमुना म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. अयोग्य मुलगा प्रीफेक्ट झाला तर त्याच्या हाताखालची पूर्ण पिढी बेसूर तयार होते, आणि ती दुरुस्त करायला कँटरची पुढची कित्येक वर्षे खर्ची पडतात, हे बाख जाणून होता.

प्रीफेक्टची ही पद्धत आजही चालू आहे. नऊ ते अठरा वर्षांची सुमारे शंभर मुले १८८१ पासून हिलरश्ट्रासवरील वसतिगृहात राहतात, आणि तेथे एकेका खोलीत वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र ठेवली जातात. मोठा मुलगा लहानग्याच्या अभ्यासाकडे, कपड्यांकडे आणि गाण्याकडेही लक्ष देतो. नऊ वर्षांचे मूल वृंदात येते तेव्हा त्याला कँटर शिकवतोच; पण श्वास कोठे घ्यायचा, संचालकाच्या हाताकडे कधी पाहायचे, लांबलेल्या प्रार्थनेत उभे कसे राहायचे, हे ते शेजारच्या मुलाकडूनच उचलते. तो शेजारी स्वतः असाच शिकलेला असतो. तुम्ही विचारलेल्या वस्तीचा पत्ता मला विचाराल तर तो या खोल्यांमध्ये आहे.

उत्तर – कंठसाधक

मी वृंदगायन शिकवतो, त्यामुळे दोन्ही उपप्रश्नांबद्दल लिहितो.

थॉमानरकोरमध्ये टेनर आणि बास हे आवाज फुटून स्थिरावलेली मोठी मुलेच गातात. सोप्रानो आणि अल्टो हे वरचे आवाज लहान मुले गातात. आवाज फुटत असताना मुलाला काही काळ गाण्यापासून विश्रांती दिली जाते, आणि या काळात ते वसतिगृहातच राहून अन्य कामांत मदत करते. नंतर तेच मूल खालच्या आवाजात परत येते. प्रत्येक मुलांचा वृंद अशा रीतीने चालत नाही. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध वृंदाची दौऱ्यावर जाणारी पथके केवळ उंच आवाजांची असतात आणि मुले साधारण चौदाव्या वर्षी ती सोडतात. इंग्लंडमधील कॅथीड्रलांत खालचे आवाज पगारी प्रौढ गायक गातात आणि अल्टोसुद्धा बहुधा प्रौढ पुरुष फॉल्सेटोमध्ये, म्हणजे कृत्रिम उंच आवाजात, गातात. त्यामुळे इंग्रजी वृंदाचा पाया रुंद आणि भरदार असतो, तर लाइपझिगच्या वृंदाचा तरुण आणि हलका. अठरा वर्षांच्या बासमध्ये चाळिशीच्या बासचे वजन येऊ शकत नाही. पण वरपासून खालपर्यंत सर्व आवाज एकाच शाळेत, एकाच पद्धतीने घडलेले असल्यामुळे स्वरांचे उच्चार आणि शब्दांची फेक एकजीव होते. बाखच्या मोटेटमध्ये, म्हणजे अनेक आवाजांच्या धार्मिक गायनरचनेत, आठ आवाज एकमेकांना उत्तरे देत धावतात, तेव्हा या एकजीवपणाचे मोल कळते. तेथे भरदार बासपेक्षा चपळ बास अधिक उपयोगी पडतो.

बाखच्या काळातील नादाबद्दल मात्र मी फार आशावादी नाही, आणि त्याचे कारण शारीरिक आहे. बाखच्या काळातील कोणता मुलगा कोणत्या वर्षी कोणता आवाज गात होता, याची कागदपत्रे काही प्रमाणात उपलब्ध आहेत, आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांवरून असे अनुमान काढले गेले, की १७२७ ते १७४९ या काळात लाइपझिगमधील मुलांचा आवाज सरासरी साडेसोळा ते सतरा वर्षांच्या सुमारास फुटत असे. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाची झळ शहराला पोहोचली त्या वर्षांत तर हे वय आणखी पुढे गेलेले दिसते. आहार आणि आरोग्य यांवर वयात येण्याची वेळ अवलंबून असते, त्यामुळे या निष्कर्षात नवल नाही. आज तोच बदल बहुतेक मुलांमध्ये तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसू लागतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. बाखसमोर उभा असलेला सोप्रानो पंधरा-सोळा वर्षांचा असू शकत होता. त्याची छाती रुंदावलेली होती, सहा-सात वर्षांची रोजची तालीम त्याच्या पाठीशी होती, त्याला लॅटिन येत होते, आणि मजकुराचा अर्थ समजण्याइतकी त्याची बुद्धी प्रौढ झालेली होती. आजचा सोप्रानो बाराव्या वर्षी ऐन भरात येतो आणि वर्ष-दीड वर्षात त्याचा आवाज जातो. बाखच्या एकल गीतांतील लांबलचक स्वरमालिका बारा वर्षांच्या मुलाकडून ऐकताना श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो, त्याचा दोष त्या मुलावर किंवा त्याच्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि गुस्टाव्ह लिओनहार्ट या संगीतसंचालकांनी १९७१ पासून बाखच्या चर्च कँटाटांची (उपासनेसाठी गायक आणि वाद्ये यांच्यासाठी रचलेल्या संगीताची) जी मोठी ध्वनिमुद्रण-मालिका केली, तीत एकल सोप्रानोसुद्धा बहुतेक ठिकाणी मुलांना दिला. ती मालिका मला अतिशय प्रिय आहे. तरीही तिच्यातील काही जागी मुले अक्षरशः आपल्या ताकदीच्या टोकावर उभी आहेत, हे कानाला लपत नाही.

गायकांच्या संख्येचा वाद वेगळाच आहे. १९८१ मध्ये संगीत-अभ्यासक जोशुआ रिफकिन यांनी असे मांडले, की बाखच्या कँटाटांमध्ये साधारणतः प्रत्येक आवाजासाठी एकच गायक असे, कारण उरलेल्या स्वरलेखनाच्या प्रतींत बहुधा प्रत्येक आवाजाची एकच प्रत सापडते. यावर अजूनही एकमत नाही. मला स्वतःला १७३० च्या निवेदनातील बारा ते सोळा हा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, पण कोणतीही बाजू खरी धरली तरी आज पन्नास-साठ मुलांनी मिळून गायलेला कँटाटा बाखने ऐकलेला नव्हता, एवढे निश्चित.

प्रश्नकर्ता – मंद्रसप्तक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आवाज फुटण्याच्या वयाबद्दलची माहिती माझ्यासाठी पूर्णपणे नवी आहे. मात्र त्यातून आणखी एक शंका निर्माण होते. नाद बदलला, गायकांचे वय बदलले, संख्या बदलली. मग मुलींना अशा वृंदांपासून दूर ठेवण्याचे कारण म्हणून परंपरेकडे बोट दाखवणे कितपत योग्य आहे? आणि जुनी पाने यांच्या मांडणीत कँटरांना जरा कमी स्थान मिळाले आहे का?

उत्तर – प्रतिस्वर

कमी स्थान मिळाले आहे, असे मला ठामपणे वाटते. वसतिगृह आणि प्रीफेक्ट यांनी वृंद जिवंत ठेवला हे मान्य. पण काय गायचे हे कँटरांनी ठरवले, आणि बाख आज आपल्यापर्यंत पोहोचला तो काही अंशी त्या निर्णयांमुळे. सेथुस काल्व्हिसिउस, योहान हेर्मान शाइन, योहान कुनाउ हे बाखच्या आधीचे कँटर स्वतः नामवंत संगीतकार होते. कुनाउच्या मृत्यूनंतर नगरपरिषदेला आधी टेलेमान आणि मग ग्राउपनर हे संगीतकार हवे होते, हे सर्वश्रुत आहे. यातून हे पद किती मानाचे होते ते कळते.

त्याहून मोलाचे काम बाखनंतरच्या कँटरांनी केले, आणि त्यांची नावे आज फारशी कोणी घेत नाही. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या बहुतेक कँटाटा मागे पडल्या, पॅशन गाणे थांबले, पण मोटेट मात्र या वृंदाने कधी पूर्णपणे सोडले नाहीत. १७८९ मध्ये मोझार्ट लाइपझिगला आला तेव्हा योहान फ्रीडरिश डोलेस हा बाखचा शिष्य कँटर होता. त्याने मुलांकडून बाखचे आठ आवाजांचे एक मोटेट मोझार्टला ऐकवले. या वृंदात लहानपणी गायलेल्या फ्रीडरिश रोखलिट्सने पुढे लिहिले आहे, की मोझार्ट ऐकून थक्क झाला. एकत्रित स्वरलिपी उपलब्ध नसल्यामुळे त्याने वेगवेगळ्या आवाजांच्या प्रती मागवल्या आणि त्या भोवती पसरून सर्व मोटेट वाचून काढले. रोखलिट्सच्या आठवणींत थोडा रंग चढवलेला असू शकतो, पण त्या प्रती शाळेत होत्या आणि मुले त्यांवरून गात होती, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. पुढे कँटर झालेल्या योहान गॉटफ्रीड शिश्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे मोटेट छापून प्रसिद्ध केले. मोरिट्स हाउप्टमान हा कँटर १८५० मध्ये बाखचे समग्र संगीत छापण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होता, आणि विल्हेल्म रुस्ट याने कँटर होण्याआधी त्या मालेतील अनेक खंड संपादित केले. संगीतकार मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बर्लिनमध्ये मॅथ्यू पॅशन पुन्हा सादर केली तेव्हा बाख नव्याने सापडला, असे आपण सहज म्हणतो. लाइपझिगच्या मुलांसाठी तो पूर्णपणे हरवलेला कधीच नव्हता.

विसाव्या शतकात कँटर कार्ल श्ट्राउबे यांनी १९३१ पासून रविवारी आकाशवाणीवरून बाखच्या कँटाटा प्रसारित करायला सुरुवात केली, आणि चर्चच्या भिंतींबाहेर हा वृंद पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येने लोकांच्या घरी पोहोचला. त्याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३७ मध्ये वृंद हिटलर युवक संघटनेत सामील करून घेतला गेला. डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यानंतर तेव्हाचे कँटर ग्युंथर रामीन मुलांना घेऊन ग्रिमा या गावी गेले आणि युद्ध संपेपर्यंत वृंद तेथेच होता. त्यानंतर पूर्व जर्मनीच्या राजवटीत धर्माबद्दल उघड अविश्वास असलेले सरकार एका चर्चवृंदाचा खर्च उचलत होते, कारण परदेशी दौऱ्यांतून त्याला प्रतिष्ठा मिळत होती. या साऱ्यात मुलांना रविवारच्या उपासनेपासून तुटू न देणे, हे कँटरच्या पदावरील माणसाचे काम होते. ते सर्वांनी निष्कलंकपणे केले असा दावा मी करणार नाही. पण ते कोणीतरी केले म्हणूनच वृंद आज मैफिलींपुरता उरलेला नाही. २०२१ पासून आंद्रेआस राइत्से हे स्विस संगीतकार कँटर आहेत, आणि ते कॅथलिक आहेत. ल्यूथरच्या पंथाच्या या बालेकिल्ल्यात ती नेमणूक झाली, यावरून पदाच्या मागची भूमिका किती बदलू शकते तेही दिसते.

उत्तर – जुनी पाने

मोटेटच्या प्रतींचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो मला पटतो. केवळ एक पुरवणी जोडतो. बाखच्या काळात रविवारच्या उपासनेत मुले बाखच्या कँटाटांबरोबर एऱ्हार्ड बोडेनशाट्स याने सतराव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या संग्रहातील लॅटिन मोटेट गात असत, आणि त्या संग्रहाच्या प्रती वापरून जीर्ण झाल्या म्हणून बाखच्या कारकिर्दीत नव्या विकत घेतल्या गेल्या. म्हणजे बाखसुद्धा आपल्या मुलांकडून शंभर वर्षांपूर्वीचे संगीत गाऊन घेत होता. जुने आणि नवे शेजारी ठेवून गाण्याची ती सवय शुक्रवार आणि शनिवारच्या मोटेट-उपासनेत अजून दिसते, आणि हा वृंद ऐकायचा असेल तर मैफिलीच्या ध्वनिमुद्रणापेक्षा तेथील ध्वनिमुद्रण मिळवून ऐकावे, असे मी सुचवीन.

उत्तर – कंठसाधक

मुलींचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहितो.

इंग्लंडमध्ये सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला आणि नंतर अनेक कॅथीड्रलांनी तो मार्ग धरला. दहाव्या शतकापासूनची परंपरा सांगणाऱ्या रेगेन्सबुर्गच्या वृंदाने २०२२ मध्ये आपली शाळा मुलींना खुली केली आणि त्यांचा वेगळा वृंद उभा केला. बर्लिनमध्ये मात्र २०१९ साली एका मुलीला मुलांच्या वृंदात प्रवेश मिळावा म्हणून झालेला दावा न्यायालयाने फेटाळला. वृंदाचा विशिष्ट नाद ठरवणे हा कलास्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्यामागचा विचार होता. मला स्वतंत्र वृंदाचा मार्ग योग्य वाटतो, मात्र त्यासाठी एक अट आहे: मुलींना तितकीच तालीम, तितकेच शिक्षक आणि उपासनेत तितकाच वाटा मिळाला पाहिजे. मुलांचा वृंद टिकावा असे वाटण्यामागे माझे कारण नादापेक्षा व्यावहारिक आहे. तेराव्या वर्षी आवाज गेल्यावर बहुतेक मुले गाणे कायमचे सोडतात, आणि त्यांना पुन्हा टेनर-बास म्हणून परत आणणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत.

नादाच्या आधारावर मुलींना नाकारणे मात्र टिकत नाही. सारख्याच तालमीतील मुलगे आणि मुली गाताना ऐकवून श्रोत्यांना ओळखायला सांगण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये झाले आहेत, आणि श्रोत्यांना ते नेहमी अचूक ओळखता आले नाही. शिवाय मुलींचा आवाज वयात येताना बदलतो खरा, पण तो मुलांसारखा सप्तकभर खाली कोसळत नाही. त्यामुळे नवव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी सोळाव्या वर्षीही सोप्रानो गात असते, सात वर्षांची तालीम पाठीशी घेऊन आणि मजकूर समजून. वय, श्वास आणि तयारी यांचा विचार केला तर बाखच्या १७३० च्या सोप्रानोच्या सर्वांत जवळचा आवाज आज कदाचित तिचाच आहे.